भाताच्या मातीतला सोनचाफा

परवा शनिवारी सकाळी सोनचाफ्याची फुलं काढली आणि परडीत टाकता टाकता मोजली, एक्केचाळीस भरली. अकरा फुटाचं झाड, कलम लावून पाच वर्षं झालेली, आणि एका सकाळी एक्केचाळीस फुलं. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला तर दहा मिनिटात निपाणीहून भाचीचा फोन, "मावशी, मला पण दारात असलं काहीतरी पाहिजे, पण चाफा नको गं, मॅग्नोलिया पाहिजे." तिने नवीन घर बांधलंय, पुढं वीस बाय पंधराची जागा मोकळी सोडलीय आणि इन्स्टावर कुठंतरी पान नसलेल्या फांद्यांवर गुलाबी पेल्यासारखी फुलं आलेलं झाड बघून ठेवलंय. मी म्हटलं अगं बाई, हा सोनचाफा म्हणजेच मॅग्नोलिया, तर तिला खरंच वाटेना. अर्धा तास फोनवर बोलून पण माझं सांगायचं संपलं नाही म्हणून आता बसून लिहून काढते, तिच्यासाठी आणि आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ज्यांना घरापुढं चाफा लावायचाय त्या सगळ्यांसाठी.

आधी नावाचा घोळ मिटवूया. आपण चाफा चाफा म्हणतो ती सगळी एका घरची माणसं नव्हेत. देवळापुढं असतो तो चीक येणारा देवचाफा, खुरचाफा पण म्हणतात त्याला, तो कण्हेरीच्या कुळातला आणि मूळचा अमेरिका खंडाकडचा. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, भुईचाफा हळदीच्या, नागचाफा आणखी तिसराच. मॅग्नोलियाच्या कुळातले घराघरात दिसणारे म्हणजे सोनचाफा, पांढरा सोनचाफा आणि कवठी चाफा. जुन्या पुस्तकात आणि अजून बऱ्याच नर्सरीच्या पाटीवर सोनचाफ्याचं नाव मायकेलिया चंपाका असं असतं, लिनियस या स्वीडिश वनस्पतीतज्ज्ञाने 1753 मध्ये ते दिलं होतं, पुढं मायकेलियाची सगळी झाडं मॅग्नोलियातच धरायला लागले म्हणून आता तो मॅग्नोलिया चंपाका. मला यात एक गोष्ट फार आवडली, मॅग्नोलिया हे नाव शार्ल प्लुमिये नावाच्या फ्रेंच माणसाने 1703 मध्ये माँपेलिए गावच्या पिएर मान्योल या वनस्पतीतज्ज्ञाच्या नावावरून ठेवलं, आणि आपल्या देवचाफ्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया, ते ह्याच प्लुमियेच्या नावावरून पडलेलं. म्हणजे कुळं वेगळी असली तरी दोन चाफ्यांची गाठ एका माणसापाशी येऊन पडलीय.

भाचीला पटेना म्हणून मी तिला एक कोवळी फांदी तोडून तिचा जवळून फोटो पाठवला. तुम्ही पण बघा. जिथं जिथं पान फुटलंय तिथं फांदीभोवती पूर्ण गोल रेघ असते, हातात बांगडी घातल्यासारखी. नवीन पानाची कळी एका लवदार टोपीत गुंडाळलेली असते, पान उमललं की टोपी गळून पडते आणि तिची खूण तेवढी राहते. वडाला आणि फणसाला पण अशी बांगडी असते, पण त्यांना चीक येतो, चाफ्याच्या फांदीला चीक येत नाही. नर्सरीत कुणी मॅग्नोलिया म्हणून काहीही दाखवलं तर आधी ही बांगडी शोधा.

आमच्या शेजारच्या अक्का धारवाडकडच्या, त्या याला संपिगे म्हणतात. गडद केशरी रंगाचा असेल तर केंडसंपिगे, केंड म्हणजे निखारा. कलम आणलं त्या दिवशी कंपाऊंडवरनं त्यांनी पहिलं हेच विचारलं, "संपिगे आणलात? केंड की नुसतं?" आणि मला तेव्हा दोन्हीतला फरकच माहीत नव्हता. चामराजनगर जिल्ह्यात बिळिगिरीरंगन डोंगरात तिथले सोलिगा आदिवासी पूजतात तो शेकडो वर्षांचा दोड्ड संपिगे, म्हणजे थोरला चाफा, हेच झाड. एवढं मोठं होणारं झाड आहे हे लावताना डोक्यात ठेवायला पाहिजे, रानात ते शंभर फुटाच्या घरात जातं.

आता त्या गुलाबी फुलांबद्दल, कारण भाचीचा जीव त्यातच अडकलाय आणि माझा पण अडकला होता. पॅरिसजवळ सुलांज-बोदँ नावाच्या गृहस्थाने 1820 मध्ये चीनकडच्या दोन मॅग्नोलियांचा संकर केला, इंटरनेटवर दिसणारी ती बशीएवढी गुलाबी फुलं बहुतेक त्याच झाडाची असतात. हिवाळ्यात त्याची सगळी पानं झडतात, कडक थंडीत ते झोपतं आणि ती थंडी पुरेशी झाली तरच वसंतात पानांच्या आधी फुलतं. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर, थंडी आहे म्हणून आपण कौतुक करतो, पण डिसेंबरात पहाटे बारा-तेरा डिग्री आणि दुपारी अठ्ठावीस, याला ते झाड थंडी मानत नाही. मी 2021 मध्ये ऑनलाईन मागवलं होतं. दीड फुटाची काडी आली, पावसाळ्यात चार पानं फुटली, मी रोज सकाळी जाऊन बघायची, पुढच्या एप्रिलमध्ये पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या आणि दुसऱ्या उन्हाळ्यात गेलं. कळी एकदाही नाही. ज्यांना तसली फुलं बघायचीत त्यांनी मार्चच्या सुमाराला दार्जिलिंग-सिक्कीमकडं जावं, तिथल्या डोंगरात मॅग्नोलियातलंच एक मोठं हिमालयी झाड असंच बिनपानाचं फुलतं. इथं दारात लावून झाडाचे हाल करू नयेत असं माझं मत आहे.

मोठ्या पांढऱ्या फुलांचा, जाड चकचकीत पानांचा आणि पानाखाली गंजासारखी तपकिरी लव असलेला मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा पण मिळतो, हिमचंपा म्हणून विकतात. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांचं झाड, मिसिसिपी आणि लुइझियाना दोघांचं राज्यफूल. हा आपल्या हवेत जगतो, बंगळुरात फुललेला मी बघितलाय, लिंबासारखा वास आणि फूल हातभर वाटावं एवढं, पण वाढायला फार हळू आणि फुलं मोजून. जागा छोटी असेल तर त्यातली लिटल जेम नावाची बुटकी जात घ्यावी. हौस म्हणून दुसरं-तिसरं झाड हा चालेल, पहिलं झाड म्हणून मी कुणाला सांगणार नाही.

कवठी चाफ्याबद्दल मात्र कितीही लिहिलं तरी कमीच. झुडूपच असतं, सात-आठ फुटाच्या वर सहसा जात नाही, अर्ध्या सावलीत खूश. माझा बेडरूमच्या खिडकीखाली अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये आहे. कळी हिरवट पांढरी, छोट्या अंड्यासारखी, मान खाली घालून लटकलेली. दिवेलागणीला ती उघडायला लागते आणि साताच्या सुमाराला खिडकीतनं पिकल्या कवठाचा वास आत येतो, नाव त्यावरनंच पडलंय. सकाळी बघावं तर पाकळ्या ड्रमभोवती पडलेल्या, जाड, मेणासारख्या, बोटाने दाबलं की तपकिरी डाग पडणाऱ्या. एका रात्रीचं फूल. सासूबाईंना रात्री झोप लागायची नाही, त्या खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायच्या आणि मला हाक मारून सांगायच्या, "आज दोन उघडलीत गं." ज्यांच्याकडं टेरेस किंवा गॅलरीच आहे त्यांनी डोळे झाकून कवठी चाफा घ्यावा.

आता सोनचाफा, आणि माझी चूक. आमचं घर वडगावकडं, येळ्ळूरच्या दिशेला, 2015 मध्ये नवीन लेआऊटमध्ये बांधलेलं. हे सगळं पूर्वी भाताचं शिवार, बेळगावी बासमती पिकायचा तो पट्टा. ज्या मातीत पाणी महिनामहिना उभं राहतं म्हणून भात चांगला येतो त्याच मातीत आपण चाफा लावतोय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. 2016 मध्ये एका नर्सरीतनं कलम म्हणून झाड आणलं, दोन फुटाचा खड्डा काढला, शेणखत घातलं आणि लावलं. वाढलं छान, माणसाच्या वर गेलं, पण तीन वर्षात एक कळी नाही. नंतर एका जाणत्या माळीमामांना दाखवलं तेव्हा ते बुंध्याजवळ बसले, अंगठ्याने साल चोळली आणि म्हणाले, "ताई, हे कलम नव्हेच, बियाचं रोप आहे. आठ-दहा वर्षं वाट बघा." मला फार वाईट वाटलं, पण म्हटलं वाट बघू. तर 2019 चा ऑगस्ट आला. त्या वर्षीचा पाऊस आपल्या जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. बळ्ळारी नाल्याकडची सगळी शेतं पाण्याखाली, आमच्या अंगणात घोट्याएवढं पाणी आठ दिवस. पाणी ओसरल्यावर झाड वरनं हिरवं होतं म्हणून मी खूश झाले, पंधरा दिवसांनी पानं पिवळी पडून लोंबायला लागली आणि दसऱ्यापर्यंत वाळलं. उपटून बघितलं तर मुळं काळी, बोटात धरली की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि कुजका वास. चाफ्याची मुळं मांसल असतात, त्यांना हवा लागते, पाण्यात गुदमरली की कुजतात.

म्हणून भाचीला पहिलं सांगितलं की झाड विकत घ्यायच्या आधी खड्डा काढ. दीड फूट खोल काढ, त्यात पाणी भर, जिरलं की परत भर आणि घड्याळ लावून बस. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासात जिरलं तर जागा चांगली. सकाळपर्यंत उभं राहिलं तर त्या जागी तसंच लावायचं नाही. खानापूर, जांबोटीकडच्या लोकांना हे करायची गरज कमी, तिकडची तांबडी माती पाणी धरून बसत नाही आणि थोडी आंबट पण असते, चाफ्याला तीच मानवते. बेळगावच्या पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती आणि इकडं निपाणीच्या काळ्या रानात मात्र नक्की करा.

आमच्याकडं उपाय एकच होता, वर चढवणं. 2020 च्या जूनमध्ये मृगाचे दोन पाऊस झाल्यावर खानापूरकडची तांबडी माती ट्रॅक्टरने आणली आणि सहा फूट रुंद, दीड फूट उंच असा उंचवटा केला, त्यात दोन पाट्या जुनं शेणखत आणि पोतंभर कुजलेला पालापाचोळा मिसळला आणि त्याच्या डोक्यावर कलम लावलं. पूर्वी खड्ड्याच्या तळाला विटांचे तुकडे घालायची, ते मी सोडून दिलं, चिकट मातीत खड्डा काढून खाली विटा घातल्या तर तिथं पाण्याची टाकीच तयार होते. पिशवी ब्लेडने कापून काढायची, मुळांभोवतीचा मातीचा गड्डा फुटू द्यायचा नाही, चाफ्याला मुळं हलवलेली अजिबात चालत नाहीत, त्यामुळे आधी इथं लावू, मग तिकडं हलवू असं मनात पण आणू नका. भिंतीपासून बारा फूट तरी लांब. वरनं वायरी जाताहेत का बघा.

कलम ओळखायचं कसं ते माळीमामांनी शिकवलं. जमिनीपासून वीत-दीड वीत वर सांधा दिसायला पाहिजे, तिथं साल जरा फुगलेली असते, वरच्या आणि खालच्या खोडाचा रंग थोडा वेगळा असतो आणि भेट कलम, म्हणजे दोन रोपांची खोडं शेजारी बांधून जोडलेलं, असेल तर बाजूला कापलेल्या खोडाचा खुंट राहिलेला असतो. बऱ्याचदा प्लास्टिकची पट्टी पण असते, ती लावल्यावर काही महिन्यांनी सोडायची, नाहीतर खोडात रुतते. सांधा मातीत गाडायचा नाही. त्याच्या खालनं फुटणारे धुमारे दिसले की लगेच काढायचे, ते खालच्या रानचाफ्याच्या खोडाचे असतात आणि सगळी ताकद खाऊन टाकतात. पिशवीतल्या कलमाला फूल किंवा कळी असेल तर सगळ्यात चांगलं, रंग तिथंच कळतो. मी आणलं ते कुडाळकडचं वेलणकर जातीचं, कमी उंचीवर आणि भरपूर फुलतं म्हणून कोकणात प्रसिद्ध आहे ते. ज्यांना पांढरा पाहिजे त्यांनी पांढरा सोनचाफा घ्यावा, त्याच्या पाकळ्या बारीक, वास रात्री जास्त. तो मूळचा संकर, त्याला बी धरत नाही, म्हणून कलम किंवा गुटीच, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेलं रोप, मिळते आणि तिथं फसवणूक व्हायची भीती कमी.

लावल्यावर पहिले दोन उन्हाळे जपले की झालं. फेब्रुवारीपासून मी आठवड्यातनं दोनदा सावकाश पाणी सोडायची आणि बुंध्याभोवती वाळलेला पाला अंथरायची, बुंध्याला टेकवून नाही, वीतभर सोडून. तिसऱ्या वर्षी एक नवीनच दुखणं आलं. कोवळी पानं पिवळी आणि त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी काढल्यासारखं पान. मला वाटलं खत कमी पडतंय, अजून शेणखत घातलं, काही फरक नाही. मग कळलं की हे बोअरच्या पाण्यामुळं. आमचं पाणी इतकं जड आहे की बादलीला पांढरा थर बसतो, त्या चुन्यामुळं मातीतलं लोह झाडाला घेताच येत नाही. कृषी केंद्रातनं चिलेटेड लोह, म्हणजे असल्या मातीतनं पण झाडाला घेता येतं असं लोह, आणून दिलं आणि टेरेसवरचं पावसाचं पाणी पिंपात साठवून तेच घालायला लागले, पुढची पालवी हिरवीगार आली. पेंड वर्षातनं दोनदा, पावसाच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर. बहर ओसरला की शेंडे खुडते, त्यामुळं झाड आडवं पसरतं आणि फुलं हाताला येतात. फुलं पानांच्या बगलेत येतात, त्यामुळे जितकी नवीन फांदी तितकी फुलं.

खवल्या किडीवर लक्ष ठेवा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की समजायचं वर खवले बसलेत, जुन्या टूथब्रशने घासून काढायचे आणि कडुनिंबाचं तेल फवारायचं. पण पानं खाणारी हिरवी गुबगुबीत अळी दिसली तर मात्र तिला मारू नका. ती बहुतेक हिरवे ठिपके असलेल्या, शेपटीवाल्या फुलपाखराची असते, ते चाफ्यावर आणि सीताफळ, खोट्या अशोकाच्या पानांवर अंडी घालतं. दहा-बारा पानं खाते, खाऊ दे.

खानापूरला माझ्या माहेरी परसात मोठा सोनचाफा होता, कौलांच्या वर गेलेला, फुलं काढायला काका आकडी बांधलेली काठी वापरायचे. आज्जी गौरीच्या आधी काचेच्या बरणीत तोंडापर्यंत पाणी भरून त्यात ताजी फुलं सोडायची आणि आत हवेचा बुडबुडा राहणार नाही असं झाकण घट्ट लावायची. कितीतरी दिवस फुलं तशीच दिसायची, पिवळी धमक, पाण्यात तरंगणारी, आणि आम्ही पोरं बरणीला नाक लावायचो तर वासच यायचा नाही. ती म्हणायची, "चाफ्यावर भुंगा बसत नाही बघ, त्याला हा वास झेपत नाही." मी खूप वर्षं ते ऐकून होते, मग वाचलं की मॅग्नोलियाचं कुळ फार जुनं, त्यांचे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म आहेत, आणि या फुलांचं परागीकरण मुख्यतः भुंगेरे, म्हणजे टणक पंखांचे किडे करतात. गेल्या महिन्यात सकाळी सहाला अर्धवट उमललेलं एक फूल हातात घेऊन पाकळ्या बाजूला केल्या तर आत, मधल्या हिरव्या दांड्याच्या बुडाशी, तिळाएवढे दोन काळे किडे परागात माखलेले. आज्जी असती तर तिला दाखवलं असतं.

काल रात्री भाचीचा परत फोन. तिने खड्डा काढला होता, संध्याकाळी सहाला दुसऱ्यांदा पाणी भरलं आणि रात्री साडेदहाला बॅटरी मारून बघितलं, "मावशी, अजून वीतभर उभं आहे." म्हटलं बरं झालं आत्ता कळलं. तिच्या नवऱ्याने संकेश्वरकडच्या कुणालातरी तांबड्या मातीसाठी फोन लावलाय, एक ट्रॉली पुरेल का म्हणून विचारत होता, मी सांगितलं उंचवट्याला पुरेल, वर कवठी चाफ्याच्या ड्रमसाठी चार पाट्या बाजूला काढून ठेव.